मूर्तीला पाठही असते

त्रिमितीय रचनेच्या पहिल्या तासाला मी मुलांना दोन मुठी चिकणमाती देतो आणि सांगतो, 'कुर्ली करा.' कुर्ली म्हणजे खेकडा. गोव्यात कुर्ली न पाहिलेलं मूल सापडणं कठीण. पाऊण तासात पाटांवर वीसेक कुर्ल्या तयार होतात. नांग्या उगारलेल्या, डोळ्यांच्या जागी मातीचे दोन मणी, कवचावर काडीने टोचलेले ठिपके. मग मी एकेक कुर्ली अलगद उचलतो आणि उलटी करतो. खाली काहीच नसतं. सपाट माती, आणि तिच्यावर पाटाच्या लाकडाच्या रेषा उठलेल्या.

दोन वर्षांपूर्वी डिचोलीकडची एक मुलगी वर्गात होती. हात विलक्षण, पेन्सिल टेकवली की कागदावर वस्तू जिवंत व्हायची. तिने विचारलं, 'पण सर, खालची बाजू कोण बघणार?' मी म्हटलं, 'आई बाजारात कुर्ली घेते तेव्हा काय करते?' ती थांबली, आठवलं, आणि म्हणाली, 'उलटी करून बघते.' बरोबर. पोटाखालची झडप अरुंद, टोकदार असली तर नर. रुंद, गोलसर असली तर मादी. दाबून बघितलं की भरलेली आहे की पोकळ तेही कळतं. म्हणजे घरातल्या सगळ्यात जाणत्या डोळ्यांना कुर्लीची जी बाजू आधी बघावीशी वाटते, तीच आपण केली नव्हती.

त्रिमितीय रचना, म्हणजे थ्री-डी डिझाइन, या विषयाच्या पहिल्या वर्षात नेमकं काय शिकवतात, असं पालक विचारतात. मुलगा घरी खोकी, तारा, माडाच्या हिरांच्या काड्या, साबणाच्या वड्या घेऊन येतो आणि रात्री दोनपर्यंत कापत बसतो, हे त्यांना दिसतं. पण यातून शिक्षण कोणतं होतं ते उमगत नाही. पुस्तकी व्याख्या सोपी आहे: लांबी, रुंदी आणि खोली. ती पाठ करून काही हाती लागत नाही. मी असं सांगतो: चित्राला दोन गोष्टींची काळजी कधीच करावी लागत नाही, एक वजनाची आणि दुसरी पाठीची. कागदावर हत्ती एका पायावर उभा करा, तो पडणार नाही. त्याची मागची बाजू काढायची तर गरजच नाही. वस्तू हातात आली की या दोन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. पहिल्या वर्षाचा जवळजवळ प्रत्येक प्रकल्प या दोन्हींपैकी एकीशी गाठ घालून देण्यासाठी रचलेला असतो.

वस्तू घडवायच्या मुळात तीनच वाटा आहेत. एक, असलेलं काढून टाकायचं: दगड, लाकूड, साबण. दोन, नसलेलं चढवत जायचं: माती, मेण, कागदाचा लगदा. तीन, सुटे भाग जोडायचे: तार, पुठ्ठा, बांबू, पत्रा. आपल्याकडे तिन्ही घरच्याच. चिऱ्यावर घाव घालणारा पाथरवट पहिल्या वाटेचा, चवथीची मूर्ती करणारा दुसऱ्या वाटेचा, आणि आकाशकंदील बांधणारी सगळी पोरं तिसऱ्या वाटेची. युरोपातल्या शिल्पकलेत ही तिसरी वाट उशिरा रुळली. पिकासोने १९१२ साली पुठ्ठा, दोरा आणि तार जोडून एक गिटार केली. तिच्यात एक गोष्ट मुलांना मी मुद्दाम दाखवतो. गिटारीच्या मधोमध भोक असतं, ते त्याने बाहेर आलेल्या नळकांड्याने दाखवलं. पोकळीला भरीव करून दाखवलं. मुलं तिथे बराच वेळ अडकून बसतात, आणि बसावंच.

पोकळी हा या विषयातला सगळ्यात अवघड शब्द. तो वर्गात बसून समजत नाही, म्हणून आम्ही पणजीला जातो. जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा संमोहनशास्त्रज्ञ. पुतळा घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी, आणि तो १९४५ साली बसवला गेला. अंगरखा वाऱ्यावर गेलेला फारिया हात पुढे करून उभा, आणि त्याच्यासमोर मागे झुकत कोसळणारी स्त्री. मुलांना मी फारिया काढू देत नाही, ती स्त्रीही काढू देत नाही. दोघांच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तिचीच बाह्यरेषा काढायला सांगतो. दहा पावलं डावीकडे सरकायचं, पुन्हा तीच जागा काढायची. असं करत पूर्ण फेरी. आठ कागदांवर आठ वेगवेगळे आकार येतात. एका जागेवरून ती फट सुरीसारखी बारीक दिसते, दुसऱ्या जागेवरून रुंद उघडते, आणि एका ठिकाणी तर नाहीशीच होते, दोन देह एकमेकांत मिसळतात. त्या पुतळ्यातली सगळी ताकद तिथे आहे, जिथे धातू नाही. हात आणि कोसळणारा देह यांच्यामधली हवा भारलेली वाटते, कारण शिल्पकाराने ती हवाही घडवली आहे.

परतल्यावर पहिला खरा प्रकल्प कागदाचा. याचं मूळ जर्मनीत आहे. १९१९ साली वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली, तिथे योहानेस इटेन यांनी सगळ्यांसाठी एक सामायिक प्राथमिक अभ्यासक्रम आखला. पुढे योझेफ अल्बर्स तो शिकवू लागले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली हकीकत अशी: अल्बर्स वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, म्हणाले यातून काहीतरी करा, पण कागदाचा मान राखून, आणि निघून गेले. परत आले तेव्हा मुलांनी किल्ले, विमानं, मुखवटे, प्राणी करून ठेवले होते. ती सगळी त्यांनी बाजूला सारली. म्हणाले, या गोष्टी दुसऱ्या माध्यमात याहून चांगल्या झाल्या असत्या. एका विद्यार्थ्याने कागद फक्त लांबीत दुमडून उभा केला होता, पडद्यासारखा. त्यांनी तोच उचलून धरला. लुळा कागद आपल्या सगळ्यात अरुंद कडेवर उभा राहिला होता, आणि हे फक्त कागदच करू शकतो. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली सुरू झाली, पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचं गोवा कला महाविद्यालय १९७२ साली. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून हाताने साहित्य ओळखायचं ही पद्धत आज देशभरच्या कला आणि डिझाइन शाळांत रुळली आहे.

घरी करून बघा. ए-फोर आकाराचा साधा ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, कागद घ्या. त्याचं वजन भरतं ५ ग्रॅम. दोन पेले हातभर नव्हे, वीतभर अंतरावर ठेवा आणि कागद त्यांच्यावर आडवा टाका. स्वतःच्या ५ ग्रॅमनेच तो मधे झोल खाईल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या बोटभर रुंदीच्या घड्या घाला, घड्यांची दिशा एका पेल्याकडून दुसऱ्या पेल्याकडे. पुन्हा ठेवा. त्यावर तिसरा पेला ठेवता येतो. कागद वाढलेला नाही, डिंक लावलेला नाही. फक्त त्याला उंची मिळाली. सपाट कागद पाव मिलिमीटरही जाड नसतो, घडी घातल्यावर तोच सेंटिमीटरभर उंच होतो, आणि वाकण्याला विरोध करते ती उंची. छपराच्या नागमोडी पत्र्याचं हेच रहस्य. माडाच्या झावळीचं एकेक पातं बघा, मधल्या हिरावर ते दुमडलेलं असतं. म्हणून वाऱ्यापावसात ताठ राहतं. तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांचं कवच नखाएवढ्या जाडीचं, पण त्याच्या बाकदार, पन्हाळेदार पाठीमुळे बोटांनी सहज फुटत नाही.

इथे एक बारकी पण कामाची गोष्ट. कागदाला धागा असतो, त्यातले तंतू एका दिशेला जास्त पडलेले असतात. त्या दिशेने घडी स्वच्छ येते, आडवी घातली तर कड फाटल्यासारखी खरखरीत होते. ओळखायचं कसं? तुकड्याची एक बाजू ओल्या फडक्याने पुसा. कागद गुंडाळला जाईल. ती गुंडाळी ज्या दिशेला लांब, तीच धाग्याची दिशा. जाड कार्डाला घडी घालण्याआधी बाहेरच्या अंगाने कटरने अर्ध्या जाडीपर्यंत हलकी रेघ मारायची आणि रेघेपासून उलट्या बाजूला दुमडायचं. कटर चालवताना एका दमात कापायला जाऊ नका. तीन हलके हात मारा. जोर लावला की पातं घसरतं, आणि घसरतं तेव्हा ते नेहमी पट्टी धरलेल्या बोटांकडे येतं. पातं बोथट वाटलं की टोक मोडून नवं काढायचं. बोथट पात्यानेच बोटं जास्त कापतात, कारण त्याच्यावर जास्त जोर द्यावा लागतो. लोखंडी पट्टी हवी, प्लॅस्टिकची नको.

तारेचा प्रकल्प लवकर आटोपतो, पण डोळे उघडतो. हार्डवेअरच्या दुकानातली बाइंडिंग तार चालते, तीच जी स्लॅबच्या सळ्या बांधायला वापरतात. १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर; आकडा वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवा, दुकानात फसगत होत नाही. काम एवढंच: शेजाऱ्याचा चेहरा, एकाच सलग तारेत, कुठेही न तोडता. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी १९२६ पासून अशी तारेची शिल्पं केली. पहिल्या प्रयत्नात सगळ्यांची तार सपाट असते. समोरून चेहरा, बाजूने बघितलं तर एक उभी काडी. तेव्हा खोलीत अंधार करून मी टॉर्च लावतो आणि चेहरा सावकाश फिरवतो. पाव फेरीवरच भिंतीवरची सावली मिटते, नुसती एक रेघ उरते. मग मुलं स्वतःच पक्कड घेऊन नाक पुढे ओढू लागतात, कान मागे नेतात.

मातीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मी तिच्यातच वाढलो. आमचं घर माशेलला, शेजारी चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा. आषाढापासून तिथे मातीचा वास असायचा. शेजारचे काका मूर्तीची पाठ पूर्ण करायचे. खांद्यावरून उतरणारं जानवं पाठीवरून तिरकं फिरवून कमरेशी आणायचे, पितांबराच्या मागच्या निऱ्या कोरायचे, मग ओल्या अंगठ्याने खांद्यापासून कमरेपर्यंत एक लांब हात फिरवायचे. मी लहान, मला कळेना. मूर्ती मखरात बसणार, मागे पडदा, पाठ दिसणार कुणाला? त्यांना विचारलं तर म्हणाले, 'विसर्जनाला निघताना मागून चालणाऱ्यांना पाठच दिसते रे.' आज वर्गात मी जे काही शिकवतो त्यातलं बरंचसं त्या अंगठ्यापाशी सुरू झालं.

मातीला दोन शत्रू: आतली हवा आणि घाई. माती आधी मळायची, तिच्यात हवेचे बुडबुडे राहू द्यायचे नाहीत, आणि एक तुकडा दुसऱ्याला जोडताना दोन्ही तोंडं काट्याने खरवडून पातळ चिखल लावूनच दाबायची. नुसतं पाणी लावून चिकटवलेली नांगी वाळल्यावर गळून पडते, कारण वाळताना माती आकसते आणि दोन तुकडे वेगवेगळे आकसतात. जाड भाग बाहेरून आधी वाळतो, आतून ओला राहतो, आणि तडा जातो. म्हणून मोठी वस्तू आतून पोकरायची. भट्टीत घालायची असेल तर पोकरणं सोडून मार्गच नाही. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधतं, नाही मिळाली तर वस्तू फुटते. वीतभरापेक्षा उंच काम करायचं तर आत सांगाडा हवा: पाटाला ठोकलेली सळी, तिच्यावर तार, आणि तारेला लटकवलेल्या लाकडी चिपांच्या छोट्या फुल्या. मूर्तिकार त्यांना बटरफ्लाय म्हणतात. त्या मातीच्या पोटात राहून तिला खाली घसरू देत नाहीत. पण असं काम भट्टीत जात नाही, त्याचा साचाच काढावा लागतो.

या सगळ्याचा ऋतूशी संबंध आहे, आणि परदेशी पुस्तकं वाचून अभ्यासक्रम आखला की इथेच गाडी अडते. आमचं वर्ष सुरू होतं भर पावसात. त्या हवेत पुठ्ठा नरम पडतो, फेविकॉल सुकायला दुप्पट वेळ घेतो, कागदाच्या लगद्यावर चौथ्या दिवशी बुरशी धरते. मी नवीन होतो तेव्हा जुलैत पुठ्ठ्याचे मनोरे करायला लावले. शनिवारी ताठ उभे होते, सोमवारी येऊन बघतो तर सगळे कमरेत वाकलेले. मुलांची चूक नव्हती, माझी होती. आता पावसाळ्यात माती, कारण ती त्या हवेत सावकाश, समान वाळते, आणि प्लॅस्टिकखाली आठवडाभर मऊ राहते. पुठ्ठा आणि कागदाची मोठी कामं दिवाळीनंतर.

पुठ्ठ्याला हात लावायच्या आधी एक मधला प्रकल्प आहे, माझा सगळ्यात आवडता. मातीचं एक फळ करायचं, काजूचं बोंडू बियेसकट, किंवा चिबूड. थोडं घट्ट झालं की त्याच्या दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि पट्ट्यांवरून ताणलेली तार ओढायची. एक चकती सुटते. वरचा भाग खाली उतरवून पुन्हा ओढायची. असं करत दहा सेंटिमीटरच्या बोंडवाच्या दहा चकत्या होतात. प्रत्येक चकतीची बाह्यरेषा कागदावर उतरवायची, दुप्पट मोठी करायची, पुठ्ठ्यातून कापायची आणि एकावर एक रचायची. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात ना, त्याच रेषा उभ्या राहतात.

यात दरवर्षी एक चूक होते आणि मी ती होऊ देतो. मुलं पुठ्ठे एकावर एक चिकटवून टाकतात. तीन मिलिमीटरचे दहा पुठ्ठे, उंची तीन सेंटिमीटर. रुंदी दुप्पट झालेली आणि उंची तिसऱ्या हिश्श्याहून कमी. बोंडवाची भाकरी होते. आकार दुप्पट करायचा तर चकत्यांमधलं अंतरही दुप्पट हवं: एक सेंटिमीटरचे दोन. पुठ्ठा तीन मिलिमीटरचा, म्हणजे मधे सतरा मिलिमीटरची टेकणी द्यायला हवी. हे गणित फळ्यावर मांडलं तर मुलं मान डोलावतात आणि विसरतात. भाकरी झाल्यावर जे गणित स्वतः मांडतात ते सुटत नाही. आणि टेकणी दिल्यावर अचानक एक गोष्ट घडते: चकत्यांच्या मधून आरपार दिसू लागतं. भरीव फळ हवेचं होतं, पण त्याचा आकार डोळ्यांना तितकाच भरलेला दिसतो. वस्तुमान नसतानाही आकारमान असू शकतं, हे तिथे एकदाचं कळतं.

कोरण्याच्या कामाला सुरुवात साबणाच्या वडीपासून, मग प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे पीओपीचा, ठोकळा. दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओतला की ठोकळा तयार. एक लिटर पाण्याला साधारण १.४ किलो प्लास्टर. नेहमी प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्यायचं, मग हवा न कोंडता ढवळायचं. घट्ट होताना ते गरम होतं, जाड गोळा असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्यात हात, बोट, तळवा बुडवून ठसा घ्यायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. घट्ट झालेलं प्लास्टर हात सोडत नाही आणि आत भाजत राहतं. उरलेलं बेसिनमध्ये ओतलं तर खालचा पाइप कायमचा बंद. पालक विचारतात, पीओपीवर तर बंदी आहे ना? गोव्यात बंदी गणेशमूर्तींसाठी आहे, कारण पीओपी पाण्यात विरघळत नाही, विसर्जनानंतर तसंच पडून राहतं. तेच कारण लक्षात ठेवून आम्ही ठोकळे लहान ठेवतो आणि चुरा पाण्यात सोडत नाही.

कोरताना सगळ्यांचं काम एकाच ठिकाणी फसतं. ठोकळ्यावर समोरची रेषा काढतात, तेवढं कापतात. मग बाजूची रेषा, तेवढं कापतात. चेहरा समोरून बरोबर, बाजूने बरोबर, आणि तिरका बघितला तर चौकोनी पेटी, कारण चारही कोपरे जागेवरच. वस्तू समोर आणि बाजू यांच्यामध्ये राहते. म्हणून माझा नियम: दहा घाव, मग ठोकळा थोडा फिरवायचा, पुन्हा दहा घाव.

दगड कोरायला आमच्याकडे पहिल्या वर्षी वेळ नसतो, पण बघायला जातो. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत, १९९३ साली अभ्यासकांसमोर आली: बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी वर्तुळं. ठळक, रुंद रेषा, बारकावे नाहीत. मग तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर, बाराव्या शतकाच्या सुमाराचं, बेसॉल्टचं. तिथे छतातल्या कमळाची पाकळी न् पाकळी सुटी दिसते. मुलांना वाटतं दुसरा कारागीर जास्त कुशल. मी जांभ्याचा तुकडा हातात देतो. ती भोकं बघा. त्यात पाकळीची धार टिकेल का? जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण छिद्रं जात नाहीत. लोटलीला महेंद्र आल्वारिस यांनी जांभ्याच्या कातळात आडवी संत मीराबाई कोरली आहे. तीही मोठ्या, सलग पृष्ठांवर उभी आहे, बारकाव्यांवर नाही. दगडाने काय द्यायचं ते दगड आधी ठरवतो.

आता वजन. चवथीला घराघरात माटोळी बांधतात: लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीची शिपटी, केळ्यांचा घड, चिबूड, रानातली फळं. बांधणाऱ्याला ठाऊक असतं की नारळ एकाच कोपऱ्यात गेले तर तिकडची दोरी सगळं ओझं पेलते. आम्ही त्याच फळांची छोटी पुठ्ठ्याची रूपं घेऊन हिरांवर झुलती रचना करतो, जिला १९३१ साली फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशां यांनी काल्डरच्या कामांवरून मोबाइल हे नाव दिलं. नियम एकच: वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं. ६० ग्रॅम टेकूपासून १० सेंटिमीटरवर, तर पलीकडे २० ग्रॅम ३० सेंटिमीटरवर. आणि बांधायला सुरुवात नेहमी सगळ्यात खालच्या काडीपासून. वरून सुरू केलेला एकही मोबाइल मी पूर्ण झालेला पाहिला नाही. खाली काही टांगलं की वरचा तोल पुन्हा सुटतो.

वजनाचा खरा धडा मात्र नरकासुर देतो. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुराचे मोठे पुतळे उभे राहतात, पहाटे जळतात. प्रत्येक गटात कुणीतरी असतं ज्याने आधी फूटभराचा नमुना केलेला असतो, तो झकास उभा राहिलेला असतो, आणि दहा फुटांचा गुडघ्यात मोडलेला असतो. सगळी मापं काळजीने दसपट केली होती, तरी का? कारण सगळं दसपट होत नाही. उंची दसपट झाली की पायाचा छेद, म्हणजे ओझं पेलणारी जागा, शंभरपट होते. पण भरीव वस्तूचं वजन हजारपट होतं. २०० ग्रॅमचा नमुना २०० किलोचा होतो, आणि पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दसपट ओझं येतं. गॅलिलिओने हे १६३८ सालीच मांडलं होतं: मोठ्या प्राण्यांची हाडं नुसती लांब नसतात, प्रमाणाने जाडही असतात. कुत्र्याचे पाय मोठे करून हत्तीला लावता येत नाहीत. तेच अंग आतून पोकळ ठेवून वरून कागदाचा पातळ थर दिला, तर वजन हजारपट न होता साधारण शंभरपटच वाढतं. वाड्यावरची अनुभवी मुलं बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत आणि वर कागद असं करतात ते याचसाठी. त्यांनी गणित केलेलं नसतं; आधीच्या वर्षांचे मोडलेले गुडघे बघितलेले असतात.

सांगाडा मोडतो तो बहुतेकदा चौकोनात. चार हीर दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला बोट लावा. तो तिरका होऊन पडतो. तीन हिरांचा त्रिकोण करा. दोरा तुटेल किंवा हीर मोडेल, पण आकार बदलणार नाही. चौकोनाला एक तिरपा हीर द्या, तो दोन त्रिकोण होतो आणि हट्टाने उभा राहतो. षटकोनी आकाशकंदिलाच्या कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्रिकोण मोजून बघा.

वर्षाचा शेवट खुर्चीने. फक्त पाच पदरी खोक्याचा पुठ्ठा, डिंक नाही, टेप नाही, खिळा नाही; खाचेत खाच बसवून. पुठ्ठा फुकट मिळतो, बारमधून आणि फ्रिजच्या दुकानातून. अट अशी की वर्गातल्या सगळ्यात वजनदार माणसाने पाच मिनिटं बसायचं, आणि तो माणूस बहुतेकदा मीच असतो. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या हव्यात, आडव्या ठेवल्या तर पहिल्याच मिनिटाला चिरडतात. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच. मिलिमीटरभर सैल झाली तरी खुर्ची डुलते. पाय चिरडून मोडत नाहीत, बाजूला वाकून मोडतात, आणि लांब पट्टी लवकर वाकते. तिला मधोमध एका आडव्या पट्टीने बांधलं की वाकण्याची लांबी निम्मी होते आणि तिला वाकवायला चौपट जोर लागतो. काही खुर्च्या माझ्याखाली मोडतात. मुलं ओरडतात, मग मोडलेल्या खुर्चीभोवती बसून नेमकी कुठली घडी आधी गेली ते शोधतात. गुण देताना मी ही शोधाशोध खुर्चीइतकीच मोजतो, कारण पुढच्या वर्षी लाकूड आणि पत्रा हातात येईल तेव्हा तीच कामाला येणार असते.

प्रदर्शनात आम्ही एकही टेबल भिंतीला लावत नाही. सगळी कामं हॉलच्या मधोमध, प्रत्येकाभोवती दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट सोडून. डिचोलीच्या त्या मुलीने त्या वर्षी पुठ्ठ्याच्या चकत्यांची हातभर लांब कुर्ली केली होती, आणि ती टेबलावर न ठेवता तारेने छतापासून टांगली, डोक्याच्या उंचीवर. तिची आई आली, कुर्लीखाली जाऊन उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, 'मादी आहे गो ही.'